टिटवीची पात

आई,

तळ्याच्या काठावर यंदाही गाजरगवत नाही. आधी हेच सांगते, कारण तू असतीस तर चपला काढायच्या आत हेच विचारलं असतंस. बेशरमीचं एक झुडूप वरच्या पुलाकडून वाहत आलं होतं, ते गेल्या आठवड्यात मुळासकट उपटलं आणि खडकावर उन्हात वाळत टाकलं. ओल्या मातीत टाकलं तर त्याचा तुकडा न् तुकडा पुन्हा फुटतो, ही तुझीच शिकवण. पूर्वेच्या उभ्या कड्यात वेड्या राघूंनी बिळं केलीत, आणि जिथे आपली चाळणी उभी असायची त्या उघड्या गोट्यांच्या पट्ट्यावर टिटव्या बसल्यात. कुणी जवळ गेलं की नेहमीसारखा थयथयाट करतात. तुला जाऊन आता अकरा वर्षं होतील. तळ्याकडे मात्र मी तुझ्याच डोळ्यांनी बघते, म्हणजे पक्ष्यांकडे नंतर आणि तणाकडे आधी.

तुला सगळं ठाऊक आहे, तरी पहिल्यापासून सांगते. तुझ्या लेकीला कुठलीही गोष्ट अर्ध्यातून सांगता येत नाही, असं तूच चारचौघींत म्हणायचीस. डिप्लोमा झाल्यावर दोन वर्षं मी सातपूरला एका वर्कशॉपात ड्रॉइंगच्या टेबलावर काढली, आणि मग शेठच्या खाणीवर सुपरवायझर म्हणून लागले. नदीने कोणे एके काळी वाट बदलली आणि मागे गोट्या-वाळूचा जाड थर टाकून गेली, त्या थरावर ती खाण. खणायचं, चाळणीवर वाळू वेगळी आणि गोटे वेगळे करायचे, डंपर भरायचे, शहराकडे पाठवायचे. खाणीवर बाई सुपरवायझर म्हणजे त्या दिवसांत लोकांना फुकटचा तमाशाच होता. ड्रायव्हर मला 'मॅडम' म्हणताना एकमेकांकडे बघून हसायचे. मी कुणाला भीक घातली नाही. माझा आवाज तुझ्यावर गेलाय, चाळणी चालू असतानाही पलीकडच्या टोकाला ऐकू जायचा.

खणून झालेल्या भागात पाणी साचून हे तळं झालं, त्याच्या काठाकडे कुणी वळून बघत नसे. दोन पावसाळ्यांत तिथे गाजरगवत कमरेएवढं झालं, पांढऱ्या फुलांनी नुसतं भरून गेलं. खाणीला लागून एका बागायतदाराची द्राक्षबाग होती, त्यांना सगळे काका म्हणत. बागेची तोड चालू असताना एका सकाळी काका तरातरा आमच्या पत्र्याच्या शेडात आले. "शेठ, तुमच्या खाणीचं बी माझ्या बागेत उडून ऱ्हायलं! माझ्या बायांच्या हाताला पुरळ उठलेत. पावसाच्या आत खाण साफ दिसली पायजे, नाय तर रस्त्यावर ट्रॉल्या आडव्या लावतो. मग बघू तुमचे डंपर कसे जातेत!" रस्ता त्यांच्याच शेतातून जात होता, म्हणजे धमकी पोकळ नव्हती. शेठने त्यांना चहा पाजला आणि ते गेल्यावर म्हणाले, "तणनाशकाचा टँकर आणू, फवारून टाकू, वरून डोझर फिरवून सगळं सपाट करू. दोन दिवसांचं काम."

मी म्हटलं, त्या पट्ट्यावर टिटव्या अंडी घालतात. कड्यात राघूंची बिळं आहेत, कडा ढकलला की पिल्लं आतच गाडली जातील. आणि फवारा तळ्यात उतरला की पाण्यातलं काही उरणार नाही. खोटं कशाला बोलू, पक्ष्यांचं प्रेम नंतर आलं. तेव्हा एवढंच होतं की मी रोज दुपारी त्या कड्याच्या सावलीत डबा खायचे आणि ते हिरवे राघू माझ्या डोक्यावरून ये-जा करायचे. खाणीवर मला न हसणारे तेवढेच होते. शेठ हसले. म्हणाले, "मॅडम, ही खाण आहे, अभयारण्य नाही." झालं, माझं डोकं सणकलं. मी म्हटलं, "एक मोसम द्या. बायका लावून हाताने उपटून दाखवते. पावसाआधी काकांना तण दिसलं तर खुशाल फवारा, आणि मलाही घरी पाठवा." शेठ म्हणाले, "बघा हं, शब्द तुमचा आहे." शब्द तोंडातून गेला आणि हिशोब मागाहून सुचला. नोकरी गेली असती तर पुन्हा कुठल्या खाणीवर मला कुणी उभं केलं नसतं.

संध्याकाळी घरी आले तेव्हा तू भाकरी थापत होतीस. वीस वर्षं तू निंदणीच्या टोळीची मुकादम. तुझ्या मागे दहा-बारा बाया, कांद्याच्या वाफ्यात, द्राक्षाच्या सरीत, कुठे बोलावतील तिथे. तुझ्या टोळीला आधी बोलवायचं आणि मग दुसऱ्या कुणाला, अशी पंचक्रोशीत रीत होती. मी सगळं सांगितलं. तू काठवटीतून मान वर केली नाहीस. "तन उपटायचं सोपं हे," म्हणालीस, "आधी ते येतं कुठून ते बघू. नाय तर जन्मभर उपटत बस." दुसऱ्या दिवशी तू एकटीच खाणीवर आलीस, पदर खोचून कुणाशी न बोलता सगळी हद्द फिरलीस आणि परत येऊन म्हणालीस, "रस्त्याच्या दोन्ही चाकोऱ्यांत बघ. रांग धरून उगवलंय. तुमच्या गाड्याच शहरातून चाकाला लावून आनून ऱ्हायल्या." तीन वर्षं मी त्या रस्त्यावरून जात होते आणि मला दिसलं नव्हतं. त्या दिवसापासून फाटकाशी पाण्याचा पाईप लावला आणि आत येणाऱ्या प्रत्येक डंपरची चाकं धुवायला लावली. ड्रायव्हर मंडळींनी माझा किती उद्धार केला असेल, देव जाणे. मीही परतफेड केली.

मग तुझी टोळी आली. अंगावर नवऱ्यांचे जुने पूर्ण बाह्यांचे शर्ट, हाताला प्लास्टिकच्या पिशव्या बांधलेल्या, तोंडाला फडकी. आदल्या दिवशी पाणी मारून जमीन ओली करायची, फूल यायच्या आत मुळासकट उपटायचं, फुलावर आलेलं असेल तर आधी फूल खुडून पिशवीत घालायचं आणि मग हात लावायचा, उपटलेलं सगळं खड्ड्यात लोटून वर माती ओढायची. हे तू कुणाला समजावून सांगत नव्हतीस. करत होतीस, आणि बाया तुझ्याकडे बघून करत होत्या. प्रत्येकीची आपली पात, म्हणजे पुढे सरकत न्यायचा तिचा पट्टा. आणि तूच एक नियम घातलास: टिटवी ओरडत अंगावर आली की जिची पात असेल तिने तिथेच थांबायचं, मागे यायचं, आणि ती पात सोडून पुढे जायचं. "ती पात टिटवीची," म्हणायचीस. "पोरं निघून गेली की मंग आपली." बायांना ते इतकं पटलं की एकमेकींना चिडवायच्या, आज तुझ्या वाट्याला काय, टिटवीनेच अर्धं रान घेतलं! तुझ्याबरोबर पहिल्यापासून असलेली मावशी तर टिटवीला सवत म्हणायची.

इथे माझं शहाणपण आडवं आलं. टिटवीचं घरटं म्हणजे काय, गोट्यांत उथळसा खळगा, त्यात गोट्यांच्याच रंगाची चार अंडी. पाय पडेपर्यंत दिसत नाहीत. माझ्या मनात सारखी धास्ती, एखादा डंपर वळताना चाक जाईल, नवी बाई आली तर तिला कळणार नाही. आणि खाणीवर आम्हाला सवय काय, तर कुठलीही गोष्ट दाखवायची म्हटली की टाक फक्की. खणायची हद्द, गाडीची वाट, चाळणीची जागा, सगळं पांढऱ्या चुन्याच्या रेघेने आखलेलं. तुम्ही बाजाराच्या दिवशी आला नव्हतात. मी फक्कीची पाटी घेतली आणि दिसेल त्या प्रत्येक घरट्याभोवती सुरेख गोल रिंगण काढलं. काम झाल्यावर ढिगावर उभी राहून बघितलं आणि स्वतःवर इतकी खूश झाले, की कधी एकदा तुला दाखवते असं झालं.

दोन दिवसांत एकही अंडं राहिलं नाही. कावळ्यांना काय, आकाशातून प्रत्येक घरटं लख्ख दिसत होतं. राहिलेली कुत्र्यांनी हुडकली. तू रिंगणाच्या कडेला उभी राहिलीस, आत टरफलाचे तुकडे पडलेले, आणि सगळ्या बायांसमोर माझ्यावर कडाडलीस. "अगं ए, रांगोळी काढून पानं मांडलीस की कावळ्यांना! जेवले बघ तुझे पितर! कुनी सांगितलं होतं तुला?" मी म्हटलं, कुणाचा पाय पडू नये म्हणून. "पाय आमचे हायेत ना? आम्हाला काय डोळे नाय?" बाया खाली बघत होत्या. मला इतकी लाज कधी वाटली नव्हती, शाळेत मार खाल्ला तेव्हाही नाही. मी तिथेच रडले असते, पण डंपरवाले बघत होते म्हणून रडले नाही. मग तूच चुन्यावर माती लोटत लोटत हळू आवाजात म्हणालीस, "पुन्हा घालील ती. टिटवी एवढ्यानं हटत नाय. फक्त महिनाभर हितं कुनी फिरकू देऊ नको."

आणि नेमके त्याच दुपारी शेठ आले. त्यांना फाटकावरच कुणीतरी सांगितलं होतं. "पक्षी तर संपले म्हणतात, मॅडम. मग आता अडचण काय? टँकर सांगू?" मी म्हटलं, पुन्हा अंडी घालतील, महिना द्या. त्यांनी पुसट झालेल्या चुन्याकडे बघितलं आणि विचारलं, "हा शहाणपणा कुणी केला?" आई, तो क्षण मला अजून जसाच्या तसा दिसतो. मी तोंड उघडते. शेठ माझ्याकडे बघतायत, मागे दोन ड्रायव्हर हसू दाबून उभे आहेत. आणि मी बोलायच्या आत तू पुढे येतेस, हाताच्या पिशव्या सोडत, आणि म्हणतेस, "आम्हीच टाकली शेठ. मॅडमनी सांगितलं होतं घरट्याला जपा, आम्हाला वाटलं खुना कराव्या. अडानी मानसं आम्ही." मी तोंड मिटते.

शेठ तुला नको नको ते बोलले. शेवटी म्हणाले, "मॅडम, तुमच्यावर विश्वास आहे म्हणून महिना देतो. पण ही बाई मुकादम नको. टोळी दुसरीच्या हाताखाली द्या." टोळी मावशीकडे गेली. वीस वर्षं जी बाई सगळ्यांच्या पुढे चालली, ती दुसऱ्या दिवशी रांगेच्या शेवटी आपली पात धरून बसली. मावशी दर थोड्या वेळाने तुझ्याकडे बघायची, आता कुठे वळायचं म्हणून, आणि तू मान न उचलता हाताने दाखवायचीस. शेठ आले की तेवढंही दाखवायची नाहीस.

मी घरी आल्यावर तुला विचारलं, का केलंस? तू कांदा फोडत होतीस. "आमच्याकडून चुका होनार, असं लोकं धरूनच चालतेत," म्हणालीस. "आमची चूक चार दिवसांत विसरतेत. तुझी झाली असती तर जन्मभर सांगितलं असतं, बघा, बाई ठेवली होती कामावर. मंग दुसऱ्या कुनाच्या पोरीला बी कुनी ठेवलं नसतं. जेव आता." मी जेवले. इतकं सगळं होऊन मी पोटभर जेवले, हेही लिहून ठेवते.

पुढचं सगळं तुझ्या म्हणण्याप्रमाणे झालं. टिटव्यांनी पुन्हा अंडी घातली, या वेळी खालच्या पट्ट्यावर नाही, तर टाकाऊ गोट्यांच्या उंच ढिगावर. कड्यातल्या राघूंची पिल्लं उडून गेली. रोहिण्या लागल्या तोवर गाजरगवताचं एक फूल दिसत नव्हतं, फक्त टिटवीच्या पातीत थोडं उभं होतं, त्याचीही फुलं तुम्ही खुडली होती. काका बघायला आले. हात मागे बांधून बारीक नजरेने सगळी हद्द फिरत होते, मी मागे, शेठ त्यांच्या मागे. एवढ्यात तू रांगेतून ओरडलीस, "काका, पाय उचला!" काकांचा पाय अधांतरी राहिला. त्यांच्या चपलेखाली टिटवीचं पिल्लू गोट्यांना चिकटून बसलं होतं, हलायला तयार नाही. काका वाकले, बघत राहिले, आणि तणाचं सगळं विसरून त्यांनी तुला विचारलं, "अंडी कुठं घातली होती गं बाई? खाली का उंचावर?" तू म्हणालीस, "वरती, ढिगावर." काकांचा चेहरा असा खुलला! टिटवीने उंचावर अंडी घातली की पाऊस बक्कळ, हे त्यांना शेठपेक्षा जास्त पक्कं ठाऊक होतं. "शेठ," म्हणाले, "इथं डोझर फिरवू नका. ही आमची वेधशाळा हे." मला हसू आवरेना. त्या पावसाचं अर्धं श्रेय कावळ्यांना द्यायला हवं होतं. पण पाऊस खरंच चांगला झाला, आणि दर वर्षी काका विचारायला यायला लागले.

शेठ त्या दिवशी सगळ्यांसमोर म्हणाले, "मॅडम, मानलं तुम्हाला." तू पंधरा पावलांवर होतीस. त्या वेळी मी एक शब्द टाकला असता, तर शेठने टोळी तुला परत दिली असती, नाही म्हणायचं त्यांना कारणच नव्हतं. मी टाकला नाही. वाटलं, आज नको, उद्या बोलू. पुढे तू चार वर्षं त्याच खाणीवर मावशीच्या हाताखाली निंदलंस, अंगात ताप असतानाही, आणि त्या चार वर्षांत माझा उद्या काही उगवला नाही.

आता मी चार खाणींचं बघते. चांदवडकडे मोठा रस्ता होतोय, तिथल्या दोन खाणींवर चाकं धुतल्याशिवाय गाडी आत येत नाही, राघूंचा कडा जूनपर्यंत कुणी ढकलत नाही, आणि निंदणीच्या बायांना पहिल्याच दिवशी टिटवीच्या पातीचा नियम सांगितला जातो. विंचूरकडची एक टोळी तर तो नियम मलाच शिकवायला लागली, म्हणजे बघ. हे काम मला येतं, आई. उगाच लाजत नाही, या भागात माझ्याइतकं कुणाला येत नाही. म्हणून कॉलेजची पोरंपोरी तळं बघायला येतात तेव्हा मलाच बोलायला लावतात. मी रंगवून सांगते. आणि फक्कीची गोष्ट आल्यावाचून राहत नाही, कारण त्यावर हमखास हशा येतो. मी सांगते, की एकदा आमच्या निंदणीच्या बायांनी काय केलं, प्रत्येक घरट्याभोवती रांगोळी काढली आणि कावळ्यांना पान वाढलं! पहिल्यांदा सांगितलं तेव्हा शेठ समोर बसले होते, म्हणून तसं सांगितलं. मग शेठही गेले. सांगायची पद्धत तीच राहिली. पान वाढल्याचं वाक्य तुझं, चूक माझी, आणि मी तुझं वाक्य माझ्याकडे घेऊन माझी चूक तुझ्याकडे देऊन टाकली.

काल पुन्हा सांगितलं. मावशी तिथेच होती. आता तिच्याने वाकवत नाही, पण बायांना चहा करून देते, किटली घेऊन उभी होती. पोरं हसली. मी सहज तिच्याकडे बघितलं, तर तीही हसत होती, सगळ्यांबरोबर, पोरांच्या कपात चहा ओतत. तिने सगळं डोळ्यांनी बघितलेलं. मला त्या क्षणी थांबता आलं असतं. पोरांना म्हणता आलं असतं, थांबा रे, ती मी होते. कुणी माझी नोकरी घेतली नसती, चार खाणी काढून घेतल्या नसत्या, उलट पोरांना ते जास्त आवडलं असतं. मी पुढचा मुद्दा घेतला, जलपर्णीचा.

म्हणून आज हे लिहायला बसले. तुला अक्षर येत नव्हतं. घरात आलेला प्रत्येक कागद मीच तुला वाचून दाखवायचे, मामाचं पत्र असो की तलाठ्याची नोटीस, आणि तू डोळे मिटून ऐकायचीस. आज तू असतीस तर हाही कागद मीच वाचून दाखवला असता. गाजरगवताचं वाचलं असतं, काकांचं वाचलं असतं, चार खाणींचं तर दोनदा वाचलं असतं. आणि मग घडी घालून म्हटलं असतं, झालं, एवढंच आहे.